साखळीच्या आतलं घर

आमच्या जुन्या घरात सगळ्यात जास्त जागा मागाला होती. खोली एकच, तिच्या मधोमध बाबांना पाय सोडून बसायचा खड्डा आणि त्यावर माग. आम्ही माणसं मागाच्या कडेकडेने राहायचो. पाहुणा आला की त्याला आधी "खड्डा पाहा" म्हणावं लागे, मग "बसा". बाबा शेठकडचं सूत आणून नऊवारी लुगडी विणायचे. माय कांड्यांवर सूत भरायची, शाळेतून आल्यावर मीही भरायची. इतिहासाच्या सनावळ्या मी मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या ठेक्यावर पाठ केल्या. अजूनही एखादी सनावळी सांगताना माझी मान त्या ठेक्यावर हलते.

मी हे रंगवून सांगत नाही. आम्ही उपाशी नव्हतो. भाकर होती, अंबाडीची भाजी होती, सणाला पुरणही होतं. नडत होती ती दुसरीच गोष्ट, आणि ती पुस्तकात लिहायला लोक लाजतात. मी लाजत नाही. आम्हाला संडास नव्हता.

मोहल्ल्याचा सार्वजनिक संडास दोन गल्ल्या सोडून होता. बायकांच्या बाजूला दारांना आतून कड्या नव्हत्या, आणि शेवटच्या खोलीला तर दारच नव्हतं. बायका जोडीने जायच्या. एक आत, दुसरी बाहेर पदर आडवा धरून उभी. उजाडायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मधल्या साऱ्या दिवसावर मायने स्वतःच उपाय शोधून काढला होता, की पाणीच प्यायचं नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हा माझी माय पाण्याची गुळणी करून थुंकून टाकायची.

मी मॅट्रिकला असताना तिच्या पोटात असं दुखलं की ती मागाच्या खड्ड्यापाशी आडवी झाली. डॉक्टरांनी मुतखडा सांगितला. औषध दिलं आणि दिवसभर भरपूर पाणी पीत राहा म्हणून बजावलं. तिने मान डोलावली. परत येताना रिक्षात मला म्हणाली, "डॉक्टरच्या घरी संडास असन."

त्यानंतरही ती पाणी प्यायली नाही. दुखणं दर उन्हाळ्यात येत राहिलं. मला पुढे जे काही करायचं होतं त्यात हे पहिलं होतं. आतून कडी लागणारा संडास असलेलं घर घ्यायचं आणि मायला त्यात न्यायचं.

पुढे मी बी.ए. झाले. आमच्या साऱ्या नात्यागोत्यात बी.ए. झालेली मी पहिली, पुरुष धरूनही पहिली. मी हे फार वेळा सांगते असं घरचे म्हणतात. सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. निकालाच्या दिवशी बाबांनी माग बंद ठेवला. सुतक सोडून मागाला सुट्टी मिळालेली मी तोवर पाहिली नव्हती. मग बी.एड. झालं, मुलींच्या शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. यांची नोकरी कन्हानला, खाणीच्या पंपावर पाळीपाळीने. यांना आईवडील नव्हते. त्यामुळे घर घेऊन माझ्या आईबापांना आणायचं म्हटल्यावर हे माझ्या बाबांविषयी एवढंच म्हणाले, "मामाजी येतील का, ते आधी पाहा."

घर सापडलं ते धरमपेठेच्या पलीकडे. शेतं संपून तिथे नुकते ले-आउट पडू लागले होते. एका ठेकेदाराने शेताचा एक लांब पट्टा घेऊन त्याच्या दोन्ही अंगांना लहान लहान पक्की घरं बांधली होती आणि मधून सरळ मुरमाचा रस्ता काढला होता. रस्ता खाजगी. त्याच्याखालून गेलेली गडर लाईनही खाजगी. सगळ्या घरांचं सांडपाणी आणि मैला त्या एकाच लाईनमधून गल्लीच्या टोकाच्या मोठ्या टाकीत जायचा. पाण्यासाठी गल्लीची विहीर होती, तीही सामाईक. कॉर्पोरेशनचा यातल्या कशाशीच संबंध नव्हता. खड्डा पडला तर गल्लीने बुजवायचा, लाईन तुंबली तर गल्लीने काढायची. लोक याच्यामुळे बिचकायचे, म्हणूनच ते घर आम्हाला परवडलं.

शाळेत मी ही बातमी सांगितली, तर आमच्या गणिताच्या बाई तपकीर ओढताओढता थांबल्या. "घर घेता की कॉर्पोरेशन?" असं त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत मला महापौरबाई म्हणू लागले.

आत जायचं तर गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांना बांधलेली लोखंडी साखळी ओलांडावी लागे. बैलगाड्या आणि विटांचे ट्रक मधूनच घुसून रस्ता उखडतात, म्हणून ती लावलेली. साखळीची किल्ली पहिल्या घरातल्या म्हाताऱ्याकडे. हा गृहस्थ रेल्वेचा रिटायर गार्ड होता. शिटी अजून गळ्यात आणि हिरवा झेंडा दाराच्या मागे. सारी गल्ली त्यांना गार्डकाका म्हणायची. घर विकायचं होतं ठेकेदाराला, पण मुलाखत घेतली गार्डकाकांनी. आमची जात विचारली नाही, पगार विचारला नाही. यांच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, फावडं धरता येते का?"

मी म्हटलं, "धोटा धरता येतो. फावडं शिकीन."

त्यावर त्यांनी नियम सांगितला. महिन्याच्या एका रविवारी घरटी एका माणसाने रस्त्यावर यायचं. मुरूम टाकायचा, नाली साफ करायची, गडरीची झाकणं उघडून पाहायची. पैसे देऊन मजूर पाठवलेला चालणार नाही. असं का, ते मी विचारलं. "ज्याने खड्डा बुजवला," ते म्हणाले, "तोच तिथून सायकल हळू नेते."

यांची पाळी रविवारीही असायची. तेव्हा पहिल्या रविवारी कास्टा मारून मीच उतरले. शेजारच्या वकिलीणबाई आपल्या नवऱ्याला पाठवून स्वतः गच्चीवरून पाहत होत्या. त्या वरून म्हणाल्या की बी.ए. करून हेच करायचं होतं का. मी घमेलं डोक्यावर घेऊन म्हटलं, बी.ए. केलं म्हणून माझ्या मालकीचा रस्ता आहे, नाहीतर दुसऱ्याच्या रस्त्यावर हेच केलं असतं. त्या हसल्या आणि खाली चहा पाठवला. आमची दोस्ती तिथून सुरू झाली.

घर झालं, पण ज्यांच्यासाठी घेतलं ती माणसं येईनात. माय बाबांशिवाय येणार नव्हती. आणि बाबांचं म्हणणं एकच होतं, लेकीच्या घरचं अन्नपाणी बापाला चालत नाही. त्यांच्या बापाला चाललं नव्हतं, आजाला चाललं नव्हतं. मी पुष्कळ वाद घातला. काळ बदलला म्हटलं, घरात माझाही पगार आहे म्हटलं. ते धोटा फेकत ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "लोक म्हणतीन, कोष्ट्याने पोट्टी शिकवली आन् तिच्याच उंबऱ्यात जाऊन बसला. मले हे ऐकाचं नाही."

मायचं दुखणं त्या उन्हाळ्यात पुन्हा आलं होतं, आणि पुढचा उन्हाळा मला भीती घालत होता.

वास्तुशांतीला मात्र दोघं आली. येताना बाबांनी फिरकीचा तांब्या घरून भरून आणला, दशम्या फडक्यात बांधून आणल्या, आणि माझ्या ओट्याच्या कडेला बसून आपलंच खाऊन आपलंच पाणी प्यायले. लोक जेवून राहिले आणि घरमालकिणीचा बाप बाहेर दशमी खातो आहे. आमचे हे लाजेने लाल झाले. गार्डकाका मात्र त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि दशमीचा तुकडा मागून घेतला.

मायला मी घर दाखवलं. स्वयंपाकघर तिने पाहिलं, खोल्या पाहिल्या, मान हलवली. संडासाशी आल्यावर थांबली. आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग कडी निघाल्याचा. मग पुन्हा लागल्याचा. कोणत्या देवळातही तिने कधी एवढा वेळ काढला नव्हता. बाहेर आली आणि पोळ्या लाटायला बसली. थोड्या वेळाने पोळ्या लाटता लाटता उठली आणि पुन्हा जाऊन आली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा माझ्या चुलतबहिणीने विचारलं, काकूले पोटात बरं नाही का वं. मी म्हटलं, तिले आज लय बरं आहे.

तिकडे बाबा दशम्या संपवून रस्त्यावर उतरले होते. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, मध्ये उभं राहून एक डोळा मिटून सरळ पाहिलं. त्यांना काय दिसत होतं ते मला लगेच कळलं. विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ द्यावी लागते. त्याला पांजणी म्हणतात. सकाळच्या थंड वेळी सारा ताणा रस्त्यावर लांबलचक पसरायचा, खाली बांबूच्या कैच्या, म्हणजे फुलीसारखे टेकू, लावायच्या, आणि ज्वारीच्या पिठाची पातळ खळ कुंच्याने सुतावर फिरवत जायचं. आमच्या मोहल्ल्यात हे आता कठीण झालं होतं. ताणा पसरला की स्कूटर यायची, बकरी यायची, कोणाची वरात यायची. मागच्या वेळी एका दूधवाल्याची सायकल सरळ ताण्यातून गेली होती आणि बाबा दोन दिवस तुटलेले धागे जोडत बसले होते.

"सडक चांगली आहे," बाबा परत येऊन म्हणाले. घराविषयी काही बोलले नाहीत.

मी संधी सोडली नाही. म्हटलं, ताणा इथे आणा. राहू नका, जेवू नका, नुसती पांजणी करा. बाबांनी गार्डकाकांकडे पाहिलं. रस्ता माझा एकटीचा नव्हता, ते त्यांना बरोबर समजलं होतं. गार्डकाकांना पांजणी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण साखळी बंद करून रस्ता अडवायचा आहे एवढं कळल्यावर ते खूश झाले. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी गाडी थांबवू दिली नव्हती.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी ताणा आला. बाबा, माय आणि मोहल्ल्यातले माझे दोन काका. गार्डकाका झेंडा घेऊन साखळीशी उभे. पांढरं सूत आमच्या रस्त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तणलं गेलं, आणि ऊन त्याच्यावर तिरपं पडलं तेव्हा वकिलीणबाईसुद्धा गच्चीवरून खाली आल्या. बाबा आणि काका कुंचे घेऊन दोन्ही बाजूंनी एका चालीत पुढे मागे जात होते. कोणी येत नव्हतं, कोणी जात नव्हतं. बाबा मधूनच गुणगुणत होते. मी त्यांना काम करताना गुणगुणताना फार दिवसांनी ऐकलं. वाळलेला ताणा गुंडाळून झाला तेव्हा गार्डकाकांनी झेंडा दाखवला आणि शिटी मारली.

खळ उरली होती, मोठं घंगाळभर. मोहल्ल्यात उरलेली खळ उघड्या नालीत जायची आणि डुकरं तिची विल्हेवाट लावायची. इथे रस्ता एवढा स्वच्छ, त्यावर कशी फेकायची, असा विचार मायने केला. तिने ते घंगाळ आत नेलं आणि सगळी खळ संडासात ओतली. पाणी टाकलं. घरातल्या सगळ्यात आवडत्या जागेवर तिचा पूर्ण विश्वास होता.

आमचं घर गल्लीच्या टोकाकडचं, टाकीच्या जवळचं. खळ आमच्या पुढे, लाईन टाकीकडे वळते तिथे जाऊन बसली आणि तिथेच घट्ट झाली. दुपारपर्यंत वरच्या साऱ्या घरांचं पाणी चढायला लागलं. पहिली हाक वकिलीणबाईंची आली. नंतर सगळीकडून आल्या. गार्डकाकांनी एकेक झाकण उघडत आणलं ते थेट आमच्या दारापर्यंत. कमच्या, म्हणजे बांबूच्या लांब पट्ट्या, आत घालून बाहेर काढल्या, तर टोकाला पांढरा गोळा चिकटलेला. त्यांनी तो नाकाशी नेला. "ही तर आंबील आहे," ते म्हणाले.

सगळी गल्ली आमच्या दारात उभी. बाबांचा चेहरा उतरला. "खळ माही आहे," ते म्हणाले. मागून मायचा आवाज आला, "ओतली म्या." बाबांनी तिला गप्प राहायला सांगितलं, तर ती म्हणाली काहून गप राहू, ओतली तर ओतली. कोणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले की एवढी लाईन साफ करतो आणि जातो, पुन्हा या सडकेवर पाय ठेवणार नाही. माय ते ऐकत होती. तिने संडासाच्या दारालगतच्या भिंतीला हात टेकला. मला तेव्हा रडू आलं असतं, पण वेळ नव्हता. गार्डकाकांनी सगळ्यांना कामाला लावलं होतं.

बांबूच्या कमच्या एकाला एक बांधून लांब केल्या. एका झाकणातून बाबा त्या आत सारत, दुसऱ्या झाकणाशी गार्डकाका पालथे पडून ओढत. दोघे एकमेकांवर ओरडत होते. एक म्हणे सोडा, दुसरा म्हणे धरा. वकीलसाहेबांनी धोतर खोचून विहिरीवर रहाट धरला. ठरलं असं, की शिटी वाजली की सगळ्या घरांनी एकदम बादल्या ओतायच्या. पहिल्या शिटीला अर्ध्याच घरांनी ओतल्या. दुसऱ्या शिटीला पाणी उलटं येऊन वकीलसाहेब घोट्यापर्यंत भिजले. तिसऱ्या शिटीला जमिनीखालून गडगड असा आवाज निघाला, टाकीच्या दिशेने धावत गेला, आणि सारी गल्ली लग्नात अंतरपाट सुटावा तशी टाळ्या वाजवू लागली.

मग सगळे विहिरीवर जमले. हातपाय धुणं चाललं होतं. तिथे वकिलीणबाईंनी गल्लीच्या आणखी एका नियमाची आठवण काढली. ज्या घरातून लाईन तुंबली, त्या घरच्या माणसाने पुढे वर्षभर ती सांभाळायची. रोज झाकणं पाहायची, कमच्या जवळ ठेवायच्या. त्यांना आम्हाला टोचायचं नव्हतं, नियमच तसा होता. त्या म्हणाल्या, बाई तर शाळेत जातात, साहेब कन्हानला, मग पाहील कोण.

मी म्हटलं, "आमच्या घरी माणूस आहे. माझे बाबा."

"मी तिच्या घरचा नाही," बाबा लगेच बोलले. "मी लेकीच्या घरचं पाणीबी पेत नाही."

गार्डकाका हात चोळत होते. त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. "हे पाणी तुमच्या लेकीचं होय का गा? विहीर गल्लीची. सडक गल्लीची. गडर तर आत्ता तुमीच पाहिली कोणाकोणाची आहे ते. लेकीचं काय आहे यात? चार भिंती. तर भिंती नका पिऊ."

बाबांनी विहिरीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग विचारलं, "आन् ताण्यासाठी सडक कोणाले मागाची?"

"जो लाईन सांभाळते, त्याले मागावं नाही लागत."

बाबांनी ओंजळ पुढे केली. गार्डकाकांनी बादली वाकवली. बाबा पोटभर प्यायले, मिशा पुसल्या आणि माझ्याकडे न पाहता सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "मंग आयकून घ्या. मी पोरीच्या घरी नाही राहून राहिलो. मी सडकेच्या कामावर आहो."

ते आणखी काही अट घालतील म्हणून मी श्वास धरून उभी होते. पण मायने वेळच दिला नाही. ती मागून म्हणाली, "मंग बोचकं कवा आणाचं?"

बोचकं दसऱ्यानंतर आलं, आणि पाठोपाठ माग. आमच्या मागच्या पडवीत बाबांनी मागाचा खड्डा खणला, गार्डकाकांनी गडरीची लाईन कुठून गेली ते खडूने आखून दिल्यावरच. जेवणाचा प्रश्न उरला होता. तो बाबांनी असा सोडवला की महिन्याची ज्वारी ते स्वतः आणून डब्यात ओतायचे आणि माझ्या हातची भाकर त्या ज्वारीची म्हणून खायचे. भाजी माझी असायची. भाजीविषयी त्यांनी कधी चौकशी केली नाही.

वर्ष संपलं तेव्हा बाबांची लाईनची पाळी संपायला हवी होती. बाबांनी कमच्या परत दिल्या नाहीत, आणि कोणी मागितल्याही नाहीत. मोहल्ल्यातून कोणी भेटायला आलं आणि लेकीकडे असता का विचारलं, तर बाबा आधी त्याला साखळीपासून टाकीपर्यंत सारा रस्ता चालवून आणायचे आणि मगच उत्तर द्यायचे. उत्तर मिळेपर्यंत बहुतेकांचा प्रश्न विरून जाई. गणिताच्या बाई एकदा घर पाहायला आल्या, तर त्यांनाही बाबांनी झाकणं उघडून दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत म्हणाल्या, महापौर तुम्ही नाही, ते आहेत.

पुढचा उन्हाळा आला. माय सकाळीच माठातून तांब्या भरून घ्यायची आणि मागाशी कांड्या भरताना पीत बसायची. त्या उन्हाळ्यात तिला दुखणं आलं नाही, त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यात आलं नाही. घर आमच्या दोघांच्या नावावर आहे, आणि माझी माय आणि बाबा त्यात आमच्याबरोबर राहिले.